गाविलचा तर्फदार: उठावाच्या सिनॅरिओच्या प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर

विषय ठरला. बहमनी सुलतानाविरुद्ध वऱ्हाडच्या फतहुल्ला इमाद-उल-मुल्कचा उठाव. खेळ एज ऑफ एम्पायर्स २, डेफिनिटिव्ह एडिशन. काम सगळे खेळासोबत येणाऱ्या सिनॅरिओ एडिटरमध्येच करायचे, बाहेरचे काही जोडायचे नाही. खेडेगावात ज्याच्याकडे साधा लॅपटॉप आहे त्यालाही तो चालला पाहिजे. म्हणून पहिली सूचना आत्ताच लिहून ठेवतो: वेगळा मिळणारा भारी ग्राफिक्सचा पॅक उतरवू नये. या सिनॅरिओला त्याची गरज नाही आणि महिन्याचा डेटा फुकट जातो.

काळ १४८१ ते १४९०. सुरुवात ५ एप्रिल १४८१ला, कोंडापल्लीच्या छावणीत बहमनी वजीर महमूद गवानचा शिरच्छेद झाला त्या दिवसापासून. शेवट १४९०मध्ये. त्या वर्षी वऱ्हाड, अहमदनगर आणि विजापूर वेगळे झाले असे आपण शाळेत शिकतो.

लढाई हा या सिनॅरिओचा गाभा नाही. फतहुल्ला नऊ वर्षे थांबला. दरबाराचा हुकूम तोंडाने मानत राहिला, हाताने कमी कमी मानत गेला. खेळणाऱ्यालाही तेच करावे लागले पाहिजे. पहिल्या पाच मिनिटांत घोडदळ घेऊन बहमनी राजधानी बिदरवर धावणारा हरलाच पाहिजे, आणि का हरलो तेही त्याला कळले पाहिजे.

१० ऑक्टोबर

उठावाचे कारण खेळात कसे आणायचे? ते गवानच्या सुधारणांतच सापडते. त्याने चार तर्फांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या. वऱ्हाडचे दोन तुकडे झाले, गाविल आणि माहूर. गाविल फतहुल्लाकडे, माहूर खुदावंद खान हबशीकडे. शिवाय तर्फदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला, बाकी किल्ल्यांवर किल्लेदार थेट दरबाराने नेमायचे. तर्फदाराच्या मनात सल राहिला तो इथे.

त्यावरून खेळाडूंची मांडणी:

पहिला, गाविल. खेळणारा हाच. दुसरा, बिदर दरबार. तिसरा, माहूर. चौथा, किल्लेदार. नरनाळा आणि पायनघाटातल्या, म्हणजे पूर्णेच्या सखल पट्ट्यातल्या, तीन मातीच्या गढ्या त्याच्याकडे. पाचवा, जुन्नरचा मलिक अहमद. नकाशाच्या पश्चिम कडेला त्याचे एक ठाणे, बाकी तो निरोपांतूनच बोलतो. विजापूरचा युसुफ आदिल खान फक्त संदेशात येतो, त्याला खेळाडूची जागा दिली नाही.

सगळ्यांना हिंदुस्तानी हीच संस्कृती, म्हणजे खेळातला फौजेचा आणि इमारतींचा संच. खुदावंद खान हबशी म्हणून माहूरला इथिओपियन द्यावी अशी सूचना आली होती. करून पाहिले. पैनगंगेच्या काठी आफ्रिकी घाटाच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या काढून टाकल्या. बिदरला पर्शियन देण्याचाही मोह होता. पण बंड करणारा आणि ज्याच्याविरुद्ध बंड ते, दोघे एकाच फौजेतले. दोघांची हत्यारे सारखीच दिसायला हवीत.

१५ ऑक्टोबर

नकाशा २०० बाय २००. उत्तरेला मेळघाट, मधे पूर्णेचा पट्टा, दक्षिणेला बालाघाट, आग्नेय कोपऱ्यात माहूर. बिदर नकाशावर नाही. ते बसवायला गेलो तर वऱ्हाड हातरुमालाएवढे उरते. दरबाराची फौज दक्षिण कडेवरून आत येईल.

गाविलगडाच्या उंचीवर पूर्ण दोन दिवस गेले, आणि ते जायलाच हवे होते. या खेळात वरून खाली मारा करणाऱ्याचे नुकसान करण्याचे बळ २५ टक्के वाढते आणि खालून वर मारणाऱ्याचे २५ टक्के घटते. म्हणजे कडा कुठे आणि सपाटी कुठे, यावरच किल्ल्याचे मरण ठरते. दक्षिणेकडून, अचलपूरच्या बाजूने, गड अंगावर येतो. त्या बाजूला चढण तीव्र ठेवली आणि वाट एकच. उत्तरेला गड पठाराशी जोडलेला आहे, खरी नाजूक बाजू तीच. १८०३ साली आर्थर वेलस्लीच्या फौजेनेही तोफा उत्तरेकडेच चढवल्या होत्या. ते तीनशे वर्षांनंतरचे, पण डोंगर तोच. म्हणून उत्तरेला दुहेरी तट. बाहेरच्या आणि आतल्या तटामध्ये खोलगट दरी.

आत दोन तलाव काढले, देवतलाव आणि मछली तलाव. खेळाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य. पण ज्याने गड पाहिला आहे तो आधी तेच शोधणार.

बाळापूरचा किल्ला घ्या असा आग्रह दोघातिघांचा होता. तो १७५७ साली पूर्ण झाला. नाही घेतला.

१८ ऑक्टोबर

पहिली चाचणी. सिनॅरिओ सुरू होताच पडद्यावर विजय. कोणी काही केलेच नाही.

कारण सरळ आहे. सुरुवातीला सगळे एकमेकांचे दोस्त, मित्रविजय चालू, आणि विजयाची अट नेहमीची. शत्रूच उरला नाही, म्हणून खेळ संपला. आता विजयाची अट कस्टम केली, मित्रविजयाची खूण सगळ्यांची काढली, आणि जिंकणे-हरणे दोन्ही फक्त ट्रिगरने, म्हणजे अट पुरी झाली की परिणाम घडवणाऱ्या आदेशाने.

संगणकाच्या खेळाडूंचे एआय, म्हणजे त्यांना स्वतःहून खेळवणारी आज्ञावली, बंद केले. नेहमीचे एआय ठेवले तर माहूर स्वतःहून बाजार बांधते, घोडे काढते, आणि विसाव्या मिनिटाला कथेशी संबंध नसलेली चढाई करते.

२३ ऑक्टोबर

वसुलीची यंत्रणा. सगळ्यात जास्त विचार इथे लागला.

दर ३०० सेकंदांनी एक हप्ता. एक हप्ता म्हणजे एक हंगाम, आधी खरीप, मग रब्बी. नऊ वर्षांचे १८ हप्ते, ५,४०० सेकंद. हे सेकंद खेळाचे, घड्याळाचे नव्हेत. नेहमीच्या १.७ वेगाने खेळले तर सगळा सिनॅरिओ साधारण ५३ मिनिटांत आटोपतो. टायमर लावताना हा १.७चा भागाकार विसरला की संदेश एकमेकांवर चढतात.

अचलपूरच्या चौकात तीन झेंडे: पूर्ण, अर्धा, काही नाही. खेळणाऱ्याजवळ एक वकील, म्हणजे दूत. हप्त्याच्या वेळी वकील ज्या झेंड्यापाशी असेल ते उत्तर. पूर्ण म्हणजे २०० सोने, अर्धा म्हणजे १००. ‘संशय’ नावाचा व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा, आहे. पूर्ण दिला तर संशय एकाने कमी, अर्ध्याला एकाने जास्त, काहीच नाही तर तीनने जास्त. तीनवर दरबाराचा सांडणीस्वार येतो. सहावर दरबार हिशेब मागतो. नऊवर फौज.

सलग तीन हप्ते बुडवले तर ९०० सेकंदांत, म्हणजे घड्याळाच्या नऊएक मिनिटांत फौज दारात. सतत अर्धा देत राहिला तर नवव्या हप्त्यापर्यंत जीव वाचतो. मधे एखादा पूर्ण देऊन संशय उतरवायचा, ही खरी चाल.

नशिबाची अट कुठेही ठेवली नाही. एडिटरमध्ये टक्केवारीने शक्यता देता येते. पण फासा पडून फौज आली, तर खेळणारा फाशाला दोष देतो, स्वतःच्या हिशेबाला नाही.

२६ ऑक्टोबर

वसुलीत तीन चुका निघाल्या.

पहिली. तीन झेंड्यांचे तीन फिरते, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारे, ट्रिगर, प्रत्येकात ३०० सेकंदांचा टायमर आणि ‘वकील या जागेत’ ही अट. टायमर एकदा पूर्ण झाला की पूर्णच राहतो, दुसऱ्या अटीची वाट पाहतो. वकील पूर्णच्या झेंड्यावर गेला, २०० गेले. तिथून अर्ध्यावर गेला, आणखी १०० गेले. उपाय: फिरता ट्रिगर एकच, टायमर फक्त त्याच्यात. तो वेळेवर तिन्ही झेंड्यांचे ट्रिगर जागे करतो. त्यांतला जो चालेल तो उरलेल्या दोघांना झोपवतो. दहा सेकंदांत वकील कुठेच नसेल तर चौथा ट्रिगर ते ‘काही नाही’ धरतो आणि तिघांनाही झोपवतो.

दुसरी. खजिन्यात सोने आहे का, हे आधी तपासलेच नव्हते. पूर्णच्या ट्रिगरमध्ये आता ‘सोने २०० किंवा जास्त’ ही अट आहे. खजिना रिकामा असताना वकील पूर्णच्या झेंड्यावर उभा राहिला तर तो हप्ता बुडालेला धरला जातो. दरबारालाही सबबी नको असतात.

तिसरी सगळ्यात मजेशीर. चाचणीत एकाने पहिले सहा हप्ते निमूटपणे पूर्ण भरले. संशय उणे सहावर गेला. मग सलग चार हप्ते बुडवले तरी संशय सहाच, दरबार नुसता हिशेब मागत बसला. संशय कमी करणाऱ्या ट्रिगरवर ‘संशय शून्याहून जास्त’ ही अट घातली. जुना इमानदार म्हणून कोणी तुमची उधारी लिहून ठेवत नाही.

२ नोव्हेंबर

हंगाम. पावसाळ्यात काळ्या मातीत फौज हलत नाही. हत्ती रुततो, तोफेचा गाडा तर जागचा निघत नाही. म्हणून दरबाराची फौज फक्त रब्बीच्या हप्त्यानंतर निघेल. खरिपात संशय नऊवर गेला तर तिला पावसाळा संपेपर्यंत थांबावे लागेल, आणि खेळणाऱ्याला तट चढवायला ३०० सेकंद मिळतील.

पूर्णेला पूर आणायचा विचार होता. सोडला. फौज ट्रिगरनेच जन्माला येते. पावसाळ्यात ती जन्मालाच घालायची नाही, मग पूर दाखवायची गरज काय?

‘हंगाम’चा व्हेरिएबल फिरवताना एक जुनी खोड निघाली. एक ट्रिगर म्हणतो, शून्य असेल तर एक कर. लगेच खालचा म्हणतो, एक असेल तर शून्य कर. दोन्ही एकाच फेरीत चालतात. परिणामी वऱ्हाडात बारमाही खरीप. दोन्हींना वेगवेगळे टायमर देऊन, एकमेकांना जागे करण्याची साखळी लावली.

८ नोव्हेंबर

दोस्तीचे दुश्मनीत रूपांतर. इथली चूक प्रत्येक नवा सिनॅरिओ करणारा एकदा करतोच, म्हणून सविस्तर.

‘चेंज डिप्लोमसी’ हा परिणाम एकतर्फी आहे. बिदरने गाविलला शत्रू मानले, एवढेच त्याने होते. गाविल अजून बिदरला दोस्तच मानत असतो. दोस्ताच्या माणसाला खेळात दरवाजा आपोआप उघडतो. चाचणीत दरबाराची ४० घोडी चढण चढून आली, गाविलगडाचा दिल्ली दरवाजा त्यांच्यासाठी उघडला, बुरुजांवरून एकही बाण सुटला नाही. आतली शिबंदी उभ्या उभ्या कापली गेली.

म्हणून प्रत्येक बदलाला दोन परिणाम: दोन ते एक, आणि एक ते दोन. तिसऱ्या आणि चौथ्या खेळाडूंसाठी वेगळे. आमच्या यादीत एकूण आठ झाले.

त्यातून एक चांगली गोष्टही सापडली. सुरुवातीला बिदर दोस्त असल्याने हिशेब तपासायला आलेला कारकून आणि त्याचे दहा स्वार गडात खुशाल शिरतात. संशय सहावर असताना त्यांना आत घेतले, आणि ते आत असतानाच संशय नऊवर गेला, तर शत्रू तटाच्या आतच. ही चूक होती, आता नियम केला. बाहेरच्या तटाचा दरवाजा वेळीच कुलूपबंद करणाऱ्यालाच यातून सुटका.

१४ नोव्हेंबर

किल्लेदार फोडणे. वकील गढीच्या झेंड्याशी न्यायचा, खजिन्यात ३०० सोने हवे. रक्कम चौथ्या खेळाडूकडे जाते आणि ६० सेकंदांनी गढीची मालकी बदलते. ‘चेंज ओनरशिप’मध्ये जागा आखताना तटाच्या बाहेर एकही चौकोन जाऊ देऊ नये, नाहीतर शेजारच्या शेतातला किल्लेदाराचा माणूसही बदलतो आणि संदेशाशी मेळ बसत नाही.

फौज घेऊन धमकावायला गेला तर किल्लेदार घाबरून बिदरला पत्र धाडतो, संशय दोनने वर. अट अशी: गढीभोवतीच्या जागेत गाविलची दहा माणसे. पहिल्याच चाचणीत संशय विनाकारण चढला. पाहिले तर जवळच्या बांबूत लाकूडतोडे काम करत होते आणि ट्रिगर त्यांनाही फौज समजत होता. अटीतल्या प्रकारात ‘लष्करी’ निवडले, प्रश्न मिटला.

नरनाळा पैशाने फुटत नाही. तो १२व्या हप्त्यानंतर आपोआप मिळतो, तोही आधी दोन गढ्या हाती असतील तरच. याचे कारण नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरचा शिलालेख. हा दरवाजा फतहुल्लाने १४८७च्या सुमारास बांधला. म्हणजे तोवर एकच किल्ला बाळगण्याचा गवानचा नियम कागदावरच उरला होता. आणि त्याच लेखात राज्य मात्र सुलतान महमूद शाहचे म्हटले आहे. दगडात सुलतानाचे नाव कोरायचे आणि दगड स्वतःच्या मर्जीने उभा करायचा, या सिनॅरिओत याहून चांगला पुरावा दुसरा नाही. नरनाळा मिळाल्यावर येणारा संदेश त्यावरच लिहिला.

१९ नोव्हेंबर

संदेशांची भाषा. खेळाची भाषा हिंदी ठेवली की देवनागरी नीट उमटते. तरी प्रत्येक संदेशात ‘ळ’ आणि ‘ऱ्ह’ असलेला शब्द मुद्दाम तपासून पाहावा.

पहिला मसुदा असा होता: “बिदरशी तुमचे संबंध बिघडले आहेत.” हे कोण बोलते? कोणीच नाही. बदलून अचलपूरच्या पाटलाच्या तोंडी दिले: “हुजूरचे सांडणीस्वार यंदा दुसऱ्यांदा येऊन गेले जी. पेवं उघडून धान्य मोजून ऱ्हायले होते. काहून, ते नाही सांगत.” संशयाचा आकडा कुठेच दिसत नाही. पेव (धान्याचे तळघर) मोजले म्हणजे सहा झाले, हे खेळणाऱ्याने ओळखायचे.

बिदरचे फर्मान मात्र पुस्तकी मराठीत. दोन भाषांमधले अंतर ऐकू आले पाहिजे. एका संदेशात तीन ओळींहून जास्त मजकूर नको. लढाई चालू असताना कोणी वाचत नाही.

२७ नोव्हेंबर

फौज. तीन लाटा: आधी घोडदळ, मग तटफोडे चिलखती हत्ती, शेवटी बंबार्ड तोफा. तोफा काळाला धरून आहेत. गवानने १४७२-७३च्या बेळगावच्या वेढ्यात दारूगोळा वापरला होता.

काय बिघडले:

फौज ‘टास्क ऑब्जेक्ट’ने पाठवली होती. ती नुसती चालते. वाटेत बाण खात गेली, पण वळून मारले नाही. ‘अटॅक मूव्ह’ लावले, नीट लढते.

हत्ती घोड्यांच्या बरेच मागे राहतो. घोडी तटाखाली मरून गेली आणि त्यानंतर हत्ती आले, एकटे. हत्तींना ९० सेकंद आधी काढले. आता दोन्ही चढणीच्या पायथ्याशी जवळपास एकत्र पोचतात.

चढणीची वाट दोन चौकोन रुंद होती, तिथे हत्ती आणि तोफा गुंतून बसायच्या. चार चौकोन केली.

आणि एक लबाडी: चाचणीवाल्याने फौज जिथे उगवते तिथेच आधीपासून तट बांधून ठेवला. जागा अडलेली, फौज उगवलीच नाही. उगवण्याची ठिकाणे एकाऐवजी पाच केली आणि कडेचा पट्टा खडकांनी वेढला, तिथे बांधकामाला जागाच नाही.

४ डिसेंबर

समतोल. फौजेचा आकार वर्षावर ठरतो, आणि नऊ वर्षे थांबण्याचे फळ इथे मिळते.

तिसऱ्या महंमद शाहच्या हयातीत, म्हणजे पहिल्या दोन हप्त्यांत, उघड बंड केले तर ९० जणांची फौज. ती परतवणे जवळपास अशक्य, आणि तसेच हवे. १४८२मध्ये तो मेला, गादीवर बारा वर्षांचा महमूद शाह आला, कारभार दरबारातल्या गटांच्या हाती गेला. तिथून फौज ७०. नरनाळा हाती आल्यावर ५०. १७व्या हप्त्याला जुन्नरहून आणि विजापूरहून निरोप येतात. त्यानंतर ३५, आणि तिसरी लाट येतच नाही, कारण दरबाराला तोफा तिकडे न्याव्या लागतात.

सोने कमी पडते ही तक्रार तिघांची. वाढवले नाही. ३०० किल्लेदाराला द्यायचे की २०० हुजूरला, हा पेच सोने वाढवले की मरतो. त्याऐवजी अचलपूरच्या बाजाराजवळ दोन व्यापारी गाड्या दिल्या. त्यांचा फेरा माहूरला. माहूरशी बिघडले की तो बंद.

१२ डिसेंबर

सुरुवातीचा प्रसंग शेवटी केला. गवान मारला गेल्यावर फतहुल्ला आणि खुदावंद खान आपापल्या फौजा घेऊन सुलतानाच्या छावणीपासून वेगळे जाऊन राहिले. खेळणाऱ्याला १२० सेकंद मिळतात. फौज सुलतानाच्या तंबूपाशी ठेवली तर संशय शून्य, पण माहूर कायम तटस्थ. बाजूला नेली तर संशय दोनवर सुरू, आणि माहूरचे २० स्वार १०व्या हप्त्याला मदतीला येतात. दोन्ही वाटांनी सिनॅरिओ जिंकता येतो, हे तीन-तीनदा खेळून तपासले.

छावणी दाखवायला नकाशाचा नैर्ऋत्य कोपरा वापरला. प्रसंग संपल्यावर तिथले सगळे काढून टाकायचे. एक तंबू राहून गेला होता आणि दुसऱ्या खेळाडूची दृष्टी तिथून कायम चालू होती.

एडिटरमध्ये आपोआप जतन होण्यावर भरवसा नको. प्रत्येक चाचणीआधी नव्या क्रमांकाने जतन करावे. लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही. आवृत्ती सहाचे अर्धे ट्रिगर तसेच गेले.

२१ डिसेंबर

आवृत्ती नऊ. शेवट दोन ठेवले. १८व्या हप्त्याला वकील ‘काही नाही’च्या झेंड्यावर असेल, गाविलगड आणि नरनाळा दोन्ही हाती असतील, आणि शेवटची फौज परतवली असेल, तर विजय. चौथा झेंडाही आहे, खुतब्यातून, म्हणजे शुक्रवारच्या नमाजातल्या प्रवचनातून, सुलतानाचे नाव काढण्याचा. तो १७व्या हप्त्याआधी लावला तर संशय थेट नऊ. नंतर लावला तर काहीच फरक पडत नाही.

तो झेंडा लावल्यावर काहीतरी मिळाले पाहिजे, अशी चाचणीवाल्यांची मागणी. सध्या काही देत नाही.

उरलेले काम: तिसऱ्या गढीच्या झेंड्याशी वकील कधी कधी झाडीत अडकतो, तिथली चार झाडे काढायची. नवव्या हप्त्याचा पाटलाचा संदेश चौथ्या ओळीवर जातो, ‘यंदा’ काढून बसवून पाहायचा.